रिटर्न लाइनवरचा डिझेल कूलर: एक हंगाम वापरून

2024 च्या पावसाळी बंदीत आमच्या ट्रॉलरच्या रिटर्न लाइनवर, म्हणजे न जळलेलं डिझेल इंजिनातून टाकीत परत नेणाऱ्या पाइपवर, डिझेलचा कूलर बसवला. ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत तो पूर्ण हंगाम चालला. आता बोट ओढून शाकारली आहे, कूलर उघडून आतून बघितला आहे आणि दोन मे महिन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आहेत. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर रोज कोणी ना कोणी विचारतं, "घेऊ का?" म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

वस्तू अशी आहे: हातभर लांबीचं नळकांडं, आत क्युप्रोनिकेलच्या (तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूच्या) बारीक नळ्या. नळ्यांतून समुद्राचं पाणी जातं आणि नळ्यांच्या बाहेरून डिझेल. दोन्ही टोकांना झाकणं, त्यातल्या एका झाकणात झिंकची पेन्सिल, जी बाकी धातूऐवजी स्वतः गंजते. किंमत 14,500 रुपये. होज, क्लिपा, बांजो बोल्ट आणि मजुरीचे वर 3,800. बनवणाऱ्याचं नाव देत नाही. मला पहिला नग खराब आला, तो त्यांनी बदलून दिला, आणि एका नगावरून कोणाच्या धंद्याला बट्टा लागावा असं वाटत नाही. शिवाय अशाच बनावटीचा माल तीन-चार जण विकतात, तेव्हा लिहितोय ते सगळ्यांनाच लागू पडेल.

आधी सांगतो की मला हे खूळ शिरलं कुठून. मी 31 वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये काढली, शेवटची 11 चीफ इंजिनिअर म्हणून, आणि 2021 साली घरी आलो. जहाजावर आम्ही इंधन थंड करत नव्हतो, तापवत होतो. मोठ्या इंजिनाचं जड तेल, 380 नंबरचं, म्हणजे 50 अंशाला ज्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) 380 सेंटिस्टोक, ते गार असताना डांबरासारखं असतं. प्युरिफायरला (तेल साफ करणाऱ्या यंत्राला) ते 98 अंशावर द्यायचं आणि इंजिनात शिरताना स्टीम हीटरने 130 ते 135 पर्यंत चढवायचं, तेव्हा कुठे ते 12-15 सेंटिस्टोकपर्यंत पातळ होऊन नोझलमधून नीट फवारतं. हीटरवर हुकूम चालतो तो व्हिस्कॉमीटरचा. तापमान कितीही होवो, व्हिस्कॉसिटी जागेवर पाहिजे.

मग 1 जानेवारी 2015 पासून उत्तर समुद्र, बाल्टिक, अमेरिकेचा किनारा अशा ठिकाणी इंधनातल्या गंधकाची मर्यादा 0.10 टक्क्यावर आली. इंग्लिश चॅनेलकडे जाताना 5 अंश पश्चिम रेखावृत्त ओलांडायच्या आत जड तेल सोडून हलक्या गॅस ऑइलवर यायचं. आणि तिथे सगळं उलटं झालं. आता तेल फार पातळ! 40 अंशाला मुळात दोन ते सहा सेंटिस्टोकचं तेल, पण इंजिनरूम पंचेचाळीस अंशावर, पाइप अजून जड तेलाच्या उष्णतेने तापलेले, आणि इंजिन बनवणाऱ्याची अट अशी की इंजेक्शन पंपाशी (तेल दाबून नोझलला देणाऱ्या पंपाशी) दोनच्या खाली जाऊ देऊ नका. बदल करतानाही मिनिटाला दोन अंशांपेक्षा जास्त घाई नाही, नाहीतर पंपाचा प्लंजर (दट्ट्या) बॅरलमध्ये, म्हणजे त्याच्या नळीत, अडकतो. त्या काळात कितीतरी जहाजांवर इंधनाचे कूलर आणि चिलर बसले. पंपवर हात ठेवून तासन् तास उभा राहिलेला माणूस हे विसरत नाही. इंधन गरम असावं की गार, याला नुसतं उत्तर नाही. पंपात शिरताना ते किती पातळ आहे, हे बघायचं.

घरी आल्यावर पुतण्याच्या बोटीवर गेलो तेव्हा तोच प्रश्न लहान आकारात समोर उभा राहिला.

आपल्या ट्रॉलरची सहा सिलेंडरची इंजिनं फीड पंपाने जेवढं डिझेल ओढतात त्यातलं निम्म्याहून कमी जाळतात. आमचं तासाला सतरा-अठरा लिटर जाळतं. बाकीचं डिझेल तापलेल्या इंजेक्शन पंपातून आणि नोझलमधून फिरून रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. टाकी भरलेली असते तोवर काही कळत नाही. पण फेरीच्या दुसऱ्या दिवशी टाकीत पाव भागच डिझेल उरलेलं असतं, तेच तेच डिझेल गोल फिरत राहतं आणि तापत राहतं. मे महिन्यात तर समुद्राचंच पाणी तीस अंशाच्या आसपास असतं. आमची टाकी इंजिनच्या खोलीतच, भिंतीला लागून, त्यामुळे बाहेरूनही शेक. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) नव्या इंजिनांत डिझेल हजार-दीड हजार बारपेक्षा जास्त दाबून सोडून देतात, त्यांचं रिटर्न याहून गरम येतं, म्हणून त्यांच्यावर कूलर बहुधा कंपनीचाच असतो. प्रश्न आहे तो आपल्या जुन्या इनलाइन पंपवाल्या, म्हणजे सिलेंडरागणिक एक प्लंजर ओळीत असलेल्या पंपाच्या, इंजिनांचा.

मे 2024 मध्ये मी स्वतः फेरीला गेलो होतो. पूर्णगडच्या समोर, अठरा वाव पाण्यात, दुपारी साडेतीनला जाळ्याची दोरी पंख्यात गेली. तांडेलने (बोट चालवणाऱ्याने) इंजिन बंद केलं, एक खलाशी सुरी घेऊन खाली उतरला. दोरी कापून मोकळी करायला चाळीस मिनिटं गेली. मग किल्ली मारली, इंजिन फिरतंय पण घेत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. पुतण्या वर आला, "काका, घेतच नाय! बॅटरी बसली वाटतं." मी म्हटलं बॅटरी नाही, फिरण्याचा आवाज चांगला आहे. खाली जाऊन पंपावर हात ठेवला आणि तसाच मागे घेतला. मशीन बंद असताना पाण्याचा फेरा थांबतो, डिझेलचाही थांबतो, आणि तापलेल्या इंजिनाची सगळी उष्णता पंपात जिरते. आमचा पंप नऊ वर्षांचा, प्लंजर थोडे घासलेले. गरम पातळ डिझेल स्टार्टरच्या हळू फिरण्यात त्या फटीतून मागे सुटतं, नोझल उघडायला लागणारा दाबच तयार होत नाही.

गोणपाट समुद्रात बुडवून, पिळून पंपावर गुंडाळलं. गार पाण्याची बादली ओतायची नाही, हे मी खलाशांना हात धरून सांगितलं. बॅरल एकदम आकसली तर प्लंजर जागीच धरतो. दर पाच मिनिटांनी गोणपाट बदललं. पंचवीस मिनिटांनी पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. तोवर बोट कमरेइतक्या लाटांवर आडवी हलत होती आणि तांडेल एक शब्द बोलत नव्हता. घरी आलो त्या रात्रीच ठरवलं की यावर काहीतरी करायचं.

त्याच फेरीपासून नोंदी ठेवायला सुरुवात केली. फिल्टरच्या आधी आणि रिटर्न लाइनवर तारेचे दोन तापमापक बांधले, वर कापडी पट्टी गुंडाळली म्हणजे खोलीची हवा आकड्यात मिसळू नये. मे 2024 मध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, टाकी पावभर असताना, फिल्टरपाशी 63 अंश, रिटर्नला 71. आमच्या इंजिनच्या मॅन्युअलात आत शिरणाऱ्या डिझेलची कमाल मर्यादा 70 लिहिली आहे, म्हणजे आम्ही काठावर होतो. मे 2025 मध्ये कूलर लावून, तीच वेळ, टाकी तेवढीच, फिल्टरपाशी 41. म्हणजे 22 अंशांचा फरक. समुद्राच्या पाण्यापेक्षा दहा-अकरा अंश वर. एवढ्या छोट्या नळकांड्याने हे केलं याचं मला खरोखर कौतुक वाटतं. ज्या कामासाठी ते घेतलं ते काम ते चोख करतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. विकणाऱ्याने फोनवर आम्हाला सांगितलं, "दहा टक्के डिझेल वाचेल." हे खरं नाही. पाचही नाही. मोजता येईल एवढं वाचलेलंच नाही.

असं का, ते नीट समजून घ्या, कारण याच आकड्यावर भुलून लोक पैसे घालतात. डिझेल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण 0.08 टक्के. 22 अंशांत जवळजवळ दोन टक्के. पंपाचा प्लंजर मात्र आकारमान मोजून देतो, वजन मोजून नाही. म्हणजे प्रत्येक ठोक्याला तेवढंच आकारमान, पण त्यात डिझेल दोन टक्के कमी. त्यात पातळपणामुळे फटीतून सुटणारं वेगळं. शिवाय गरम डिझेल जास्त दबतं, त्यामुळे पाइपातली दाबाची लाट नोझलपर्यंत किंचित उशिरा पोचते आणि फवारा उशिरा सुटतो. हे सगळं मिळून मेकॅनिक लोकांचा अंदाज असा की 38 अंशांच्या वर दर सहा अंशांना एक टक्का ताकद जाते. आमच्या हिशेबात साडेतीन ते चार टक्के.

पण ही ताकद कधी जाते? गव्हर्नरचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, शेवटाला टेकलेला असेल तेव्हाच. जाळं न टाकता नुसतं चालताना, अर्ध्या थ्रॉटलवर, गव्हर्नर रॅक थोडा पुढे सरकवतो आणि कमी पडलेलं डिझेल भरून काढतो. किलोत मोजलं तर खर्च तेवढाच. आणि पूर्ण थ्रॉटलला, जिथे ताकद कमी पडत होती, तिथे कूलर लावल्यावर इंजिन थोडं जास्तच डिझेल घेतं, कारण आता प्रत्येक ठोक्याला वजन जास्त जातं. जास्त जाळतं आणि जास्त ओढतं. फवाऱ्याची वेळ सुधारल्याचा जो बारीक फायदा असेल तो असेल, पण तो आमच्या नोंदीत दिसत नाही. बारा फेऱ्यांची सरासरी आधी तासाला 17.5 लिटर, नंतर बारा फेऱ्यांची 17.3. तळाला लागलेलं शेवाळ, प्रवाह, जाळ्यात आलेला माल यांनीच याहून मोठा फरक पडतो.

ताकद परत आली का? आली. जाळं टाकून पूर्ण थ्रॉटलला संध्याकाळी आधी मिनिटाला 1630 फेरे मिळायचे, आता 1650. पुतण्याचं तोंड उतरलं, "वीसच?" पण पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते. फेरे सव्वा टक्का वाढले म्हणजे ताकद पावणेचार टक्के वाढली. कागदावरचा हिशेब आणि टॅकोमीटरचा काटा इतका जवळ आलेला पाहून मला फार समाधान वाटलं. तांडेलला हिशेबाशी देणंघेणं नाही. तो म्हणाला, "सांजच्याला पयल्यावानी दमत नाय." माझ्या मते हाच या वस्तूचा खरा अभिप्राय.

आणि गरम इंजिन न घेण्याची तक्रार हंगामभर एकदाही आली नाही. यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: बंदीत आम्ही पंप कॅलिब्रेशनला (माप जुळवून घ्यायला) पाठवून दोन प्लंजर आणि बॅरल बदलून घेतले होते. म्हणून त्याचं सगळं श्रेय कूलरला देता येत नाही. पंप घासलेला असेल तर आधी पंपवाल्याकडे जा. कूलर घासलेला पंप नवा करत नाही. चांगल्या पंपाला लवकर घासू देत नाही, कारण त्या प्लंजरला वंगण म्हणून दुसरं काही नसतंच, डिझेलच असतं. आपलं डिझेल 40 अंशाला दोन ते साडेचार सेंटिस्टोकच्या दरम्यान असावं असा नियम आहे. त्यातलं तीनचं डिझेल धरलं तरी पंच्याहत्तर-ऐंशी अंशाला ते दीडवर येतं. काही मायक्रॉनच्या फटीत एवढ्या पातळ थरावर धातू धातूला किती वेळ सांभाळणार? मी पैसे घातले ते या कारणासाठी, आणि पंपाचे दोन प्लंजर बॅरल आणि कॅलिब्रेशनचं बिल बघितलं तर ते मला पटतं.

आता खराब बाजू. पहिला नग आला तेव्हा बसवण्याआधी मी डिझेलच्या बाजूला हवा भरून घरच्या हौदात बुडवला. तीन बारला एका नळीच्या टोकाशी, जिथे ती पत्र्यात फुलवून बसवलेली असते, तिथून बुडबुडे. मोठे नाही, मोहरीएवढे, एकामागून एक, सरळ रेषेत वर येणारे. व्हिडिओ पाठवला. आधी म्हणाले की एवढं चालतं. नाही चालत! तिथून खारं पाणी डिझेलमध्ये शिरलं की पंप, नोझल सगळं गेलं, आणि गेलं ते किनाऱ्यापासून वीस मैलांवर. दुसऱ्या फोनवर ऐकलं, नऊ दिवसांनी दुसरा नग आला, तो हौदात तासभर ठेवला, एक बुडबुडा नाही. पाठवण्याआधी त्यांनीच दाबाची चाचणी करून चिठ्ठी लावायला हवी. साडेचौदा हजारांच्या वस्तूला एवढं तरी असावं.

दुसरी गोष्ट बसवण्याची, आणि यावर सोबतच्या कागदात एक ओळही नाही. आमच्या मेकॅनिकने कूलर समुद्राच्या पाण्याच्या पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला बसवला. सोपी जागा तीच. मी तो काढायला लावला आणि स्ट्रेनरनंतर (पाणी गाळणाऱ्या जाळीनंतर), पंपाच्या आधी, ओढीच्या बाजूला घेतला. कारण साधं आहे. रिटर्न लाइनला दाब जवळजवळ नसतो. पाण्याला दाब असेल तर नळी फुटल्यावर पाणी डिझेलमध्ये जातं. पाणी ओढीवर असेल तर डिझेल पाण्यात जातं, मागे बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तवंग दिसतो आणि माणूस सावध होतो. डिझेल समुद्रात जाणं वाईटच, पण ते दिसतं. पंपात शिरलेलं पाणी दिसत नाही. ओढीवर बसवायचा तर तोंडाचा व्यास पाइपपेक्षा लहान नको, नाहीतर इंजिनाला पाणी कमी पडेल. आमचा दीड इंची जुळला, आणि इंजिनाच्या पाण्याचं तापमान आधीसारखंच 82 ला राहिलं. होजच्या क्लिपा दुहेरी लावा. ओढीच्या बाजूला क्लिप ढिली झाली तर पाणी गळत नाही, हवा शिरते, आणि ते लवकर लक्षात येत नाही.

आणि डिझेलच्या बाजूला तळाला निचऱ्याचा बोल्ट नाही. तो असता तर साचलेलं पाणी महिन्यातून एकदा काढून बघता आलं असतं. आम्ही त्याची भरपाई रोज सकाळी वॉटर सेपरेटरचा खालचा कॉक काचेच्या बाटलीत उघडून करतो. पुतण्याला ती सवय लागली, हे मला कूलरइतकंच महत्त्वाचं वाटतं.

जेटीवर आणखी एक प्रश्न येतो: मग डिझेल पहाटे गार असताना भरावं का? हजार लिटरला दहा अंशांचा फरक पडला तर आठ लिटर. पण डिझेल विकणाऱ्या पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिच्यात पहाट आणि दुपार यांत दहा अंश कुठून येणार? जहाजावर बंकर (इंधन) घेताना टाकीचं तापमान मोजून सगळं 15 अंशावर आणून टनात हिशेब होतो, तिथे एका अंशावरून भांडणं होतात, कारण माल हजार टनांचा असतो. आपल्या मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर त्यासाठी झोपमोड करू नका.

कोणी घ्यावा? टाकी इंजिनच्या खोलीत आहे, फेरी दोन दिवसांहून मोठी आहे, पंप इनलाइन आहे आणि मार्च ते मे संध्याकाळी इंजिन दमतं, अशांनी जरूर घ्यावा. आधी शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक फिल्टरपाशी बांधून आकडा बघा. पन्नासच्या खाली असेल तर पैसे ठेवा खिशात. रोज संध्याकाळी परत येणाऱ्या छोट्या बोटींना, टाकी वर डेकवर असणाऱ्यांना, याची गरज मला दिसत नाही. डिझेल फार गार होईल ही भीती मात्र आपल्याकडे धरू नका, आपला समुद्र पंचवीसच्या खाली क्वचित जातो, मेण धरायला त्याहून बरीच थंडी लागते.

परवा कूलर उघडला. नळ्यांत बारीक वाळू आणि दोन कोवळी कालवं, बांबूच्या काडीने निघाली. तारेचा ब्रश आत घालू नका, नळीवरचा संरक्षक थर जातो. झिंकची पेन्सिल बोटभर होती ती नखाएवढी उरली आहे, एका हंगामात. म्हणजे ती डिसेंबरमध्येच बदलायला हवी होती. दोन नव्या मागवल्या आहेत, एक आता बसेल, दुसरी तेलाच्या कागदात गुंडाळून टूल बॉक्समध्ये राहील, झाकणावर खडूने महिना लिहून.